बॉनेटवर हात फिरवला की रवाळ लागतं. डीटेलिंग क्ले कुठली घ्यावी आणि कशी वापरावी?

काठावरचा
नमस्कार मंडळी. गाडी पांढरी आहे, तीन वर्षांची. कायम उघड्यावर उभी असते आणि तिथून रेल्वेचे रूळ हाकेच्या अंतरावर आहेत. दर आठवड्याला मी स्वतः धुतो, गाडीच्या शॅम्पूने, घाई न करता. लांबून छान दिसते. पण पुसून झाल्यावर बॉनेटवरून तळवा फिरवला की जिथे काचेसारखं गुळगुळीत लागायला हवं तिथे रवाळ लागतं. डिकीच्या झाकणावर आणि मागच्या बंपरवर टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके आले आहेत. नखाने खरवडून पाहिले, हलत नाहीत. आधी वाटलं पत्रा आतून गंजायला लागला, पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की बंपर प्लास्टिकचा आहे, तो कसा गंजेल?

शोधता शोधता 'डीटेलिंग क्ले' हे नाव सापडलं. पण निळी, करडी, लाल अशा वड्या, शिवाय क्लेचे हातमोजे आणि क्लेची फडकी, एवढं सगळं बघून गोंधळलो. नेमकी कुठली घ्यायची? आणि खरी भीती वेगळीच आहे. घासणारी वस्तू रंगावर फिरवायची म्हणजे चांगल्या रंगाची माती तर होणार नाही ना? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

मोरपंखी
विकत घेण्याआधी एक चाचणी करा. गाडी धुऊन कोरडी करा, पातळ प्लास्टिकची पिशवी मोज्यासारखी हातात चढवा आणि अगदी हलक्या बोटांनी रंगावरून फिरवा. पिशवीतून खरखर कितीतरी पटींनी जास्त जाणवते, उघड्या बोटांना चुकलेले कणही लागतात. बॉनेट, टप, डिकी, दाराचा खालचा भाग असं एकेक तपासा. जिथे पिशवी गुपचूप सरकते तिथे क्लेची गरज नाही. मी दरवेळी आधी हेच करते आणि बऱ्याचदा अर्ध्या गाडीला हातच लावावा लागत नाही.

रंगपारखी
काठावरचा, बंपरचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ते ठिपके तुमच्या पत्र्याचा गंज नाहीत, बाहेरून येऊन बसलेल्या लोखंडाचा गंज आहे. रेल्वेची चाकं रुळांवर घासतात, ब्रेक लागतात, त्यातून लोखंडाचे बारीक, टोकदार कण उडतात. ते क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर बसतात, काही त्यात रुततात आणि दमट हवेत गंजतात. रूळ जवळ नसले तरी स्वतःच्या आणि पुढच्या गाडीच्या ब्रेकमधून हीच धूळ येते. शोरूममधून निघालेल्या कोऱ्या गाडीवरही मी हे ठिपके पाहिले आहेत, कारण ती तिथवर रेल्वेने किंवा ट्रेलरवरून आलेली असते आणि मध्ये यार्डात उघड्यावर उभी राहिलेली असते.

आता क्ले म्हणजे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे भीती योग्य जागी बसेल. नावाला क्ले असली तरी ही माती नाही. चिकट, लवचिक पॉलिमरमध्ये अतिशय बारीक घर्षक पूड मळून केलेला हा गोळा आहे. जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९५ साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं, त्याच्या शीर्षकाचा अर्थ साधारण 'घासायचा लवचिक दगड' असा होतो. मला ते नाव क्लेपेक्षा जास्त खरं वाटतं. लवचिक सहाणच आहे ती. वंगणाच्या पातळ थरावरून ती सपाट रंगावर तरंगत जाते आणि जे काही पृष्ठभागाच्या वर डोकावत असेल त्याला धरते, कापते आणि स्वतःत ओढून घेते. म्हणून वंगण भरपूर असेल तर रंगाला जवळजवळ काही होत नाही. वंगण कमी पडलं की तीच सहाण रंगावर चालते.

रंग किती पातळ असतो याचा अंदाज हवा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका-दीड कागदाइतके. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. ऊन, पाऊस, घासणं सगळं त्यालाच झेलायचं असतं. त्यामुळे माझा नियम एकच आहे: जे रसायनाने निघतं ते हाताने घासू नका.

तुमच्या गाडीला म्हणूनच आधी आयर्न रिमूव्हर. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. लोखंडाला भेटलं की ते जांभळं होतं आणि कणांना विरघळवून सैल करतं. केस कुरळे करायच्या औषधातही याच घराण्यातलं रसायन असतं, त्यामुळे वास उग्र आहे. हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा. गाडी सावलीत, पत्रा थंड. फवारा, बाटलीवर लिहिलंय तेवढी मिनिटं थांबा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. पांढऱ्या गाडीवर जांभळे ओघळ उतरताना दिसतील, घाबरू नका, तो तुमचा रंग नाही. दाराच्या खालच्या भागात डांबराचे काळे ठिपके असतील तर त्यांना वेगळा टार रिमूव्हर लागतो, फडक्याला लावून ठिपक्यावर दाबून धरायचा, घासायचा नाही. मग पुन्हा शॅम्पूने धुवा आणि पुन्हा पिशवीची चाचणी. आता जे उरलं असेल तेवढ्यासाठीच क्ले.

याला दुसरंही कारण आहे. क्ले कणाचं वर आलेलं डोकं कापते. आत रुतलेलं मूळ तसंच राहिलं तर हाताला गुळगुळीत लागतं आणि काही आठवड्यांनी त्याच जागी तांबूस ठिपका परत येतो. मग लोक म्हणतात क्ले खोटी निघाली.

कुठली घ्यायची: 'फाइन' किंवा 'माइल्ड' लिहिलेली, १०० ग्रॅमच्या आसपासची. वडीच्या रंगावर अजिबात जाऊ नका. एका कंपनीची निळी बारीक असते, दुसऱ्या कंपनीची निळी मध्यम. सगळ्या कंपन्यांनी मानलेलं असं प्रमाण नाही, वेष्टनावरचा शब्द वाचा. मध्यम आणि जाड क्ले तेव्हाच घ्या जेव्हा नंतर मशीनने पॉलिश करायची तयारी आणि हात दोन्ही आहेत, कारण ती बारीक धूसर ओरखडे ठेवून जातेच. पहिल्यांदा करणाऱ्याने बारीक क्लेने दोनदा फिरवणं हे जाड क्लेने एकदा फिरवण्यापेक्षा कधीही चांगलं.

हातांचं काम उद्या लिहितो, ते घाईत सांगण्यासारखं नाही.

चारचाकी_प्रवासी
छान माहिती दादा. पण वडीच का? मी दोन वर्षं क्लेचा हातमोजा वापरतोय. आख्खी गाडी पाऊण तासात होते. जमिनीवर पडला तरी धुऊन पुन्हा वापरता येतो. वडी पडली की फेकावी लागते. काठावरचासारख्या नव्या माणसाला तर मोजाच सोपा जाईल.

जुनागॅरेज
प्रवासी, तुमचं खरं आहे, वेळ वाचतो. पण मोज्यात बोटांना कळत नाही हो. मायक्रोफायबर, त्यावर रबरासारखा थर, मध्ये आपला हात. कण कुठे अडकला, कधी निघाला, हे वडीतून जसं बोटांपर्यंत पोचतं तसं मोज्यातून पोचत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने बोटांनी शिकावं, मग हवं तर मोज्यावर जावं.

शंकेखोर
बाळबोध प्रश्न आहे, रागवू नका. मुलांच्या खेळण्यातली रंगीत क्ले घरात पडून आहे. तीही मऊ, तीही चिकट. चालेल का?

रंगपारखी
@शंकेखोर, विचारलंत ते बरं झालं. नाही, अजिबात नाही. खेळण्यातल्या क्लेमध्ये तेल किंवा मेण आणि भरणीसाठी खडूसारखी पूड असते, काहींमध्ये पीठ आणि मीठही असतं. ती पुतळे करायला बनवलेली, तिच्यातल्या कणांचा आकार कुणी गाडीच्या रंगासाठी मोजलेला नाही. रंगावर तेलकट थर बसेल आणि आत काही जाड असेल तर ओरखडे उठतील. भिंतीवरचे डाग पुसायचा तो पांढरा 'मॅजिक' स्पंजही रंगाला लावू नका. तो मेलामाइनचा असतो, हाताला मऊ लागला तरी बारीक सॅंडपेपरसारखा घासतो.

@चारचाकी_प्रवासी, मोज्याला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. नव्या मोज्यावर किंवा फडक्यावर बऱ्याचदा एक निसरडा थर असतो. तो आधी गाडीच्या काचेवर, भरपूर वंगण घालून थोडा वेळ फिरवून काढायचा आणि मगच रंगाकडे यायचं. आणि वडी मळली की घाण आत जाते, ताजा चेहरा वर येतो. मोजा मळता येत नाही. उचललेला कण त्याच्या तोंडावरच राहतो. म्हणून दर पॅनेलला बादलीत खळबळून घ्यावाच लागतो. तुम्ही नक्की घेत असाल, नवा माणूस विसरतो. दाराची कडी, नंबर प्लेटची खोबण, आरशाखालची वळणं इथे मोजा पोचतच नाही, तिथे शेवटी वडीचा तुकडाच लागतो.

चारचाकी_प्रवासी
मान्य. दर पॅनेलला धुतो, पण ते लिहायला विसरलो. आणि माझी गाडी चंदेरी आहे, तिच्यावर बारीक ओरखडे दिसतच नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मोरपंखी
काळ्या गाडीवर सगळं दिसतं. 'वडी पडली की फेकून द्या' हे मी वाचलं होतं, तरी एकदा पाळलं नाही. वडी हातातून सुटून फरशीवर पडली. उचलली, पाण्याखाली धरली, दिसणारी रेव नखाने काढली, मळली आणि पुढे चालू. मागच्या दारावर सरळ, समांतर, चार बोटं लांबीचे ओरखडे उठले, कारण मी सरळ रेषेत हात फिरवत होते. रेवेचा एकच खडा आत राहिला होता. हाताने पॉलिश करून गेले नाहीत, शेवटी मशीनचं काम करून घ्यावं लागलं. तेव्हापासून वडीचे आधीच तुकडे करते आणि एकच हातात घेते. पडला तर तेवढाच जातो, मनाला लागत नाही आणि 'धुऊन बघू' असा मोह होत नाही.

रंगपारखी
मोरपंखीताईंचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. आता कालचं राहिलेलं.

वडीचे दोन-तीन तुकडे करा. एक घ्या, बाकीचे डबीत. हातात मळून तीन-चार बोटांच्या खाली मावेल अशी चपटी चकती करा. गारठ्यात कडक झाली असेल तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, ओढल्यावर तुटली नाही पाहिजे. उलट तापलेल्या पत्र्यावर ती पाघळते आणि रंगावर चिकट पट्टे सोडते. म्हणून सावली आणि थंड पत्रा ही अट क्लेलाही आहेच.

वंगणासाठी क्ले ल्यूब, स्प्रे डीटेलर किंवा रिन्सलेस वॉशचं (लावल्यावर पाण्याने धुवावं लागत नाही असं वॉश) पातळ मिश्रण चालतं. रिन्सलेसच्या बाटलीवर क्लेसाठीचं प्रमाण वेगळं दिलेलं असतं, ते पाळा. वॅक्स नसलेल्या गाडीच्या शॅम्पूचं मिश्रणही बऱ्याच क्लेंना चालतं, फक्त वेष्टनावर तपासून घ्या. नुसतं पाणी पुरत नाही, त्यात निसरडेपणाच नाही. अल्कोहोल किंवा सॉल्व्हंट असलेलं काही वापरलंत तर वडी भुसभुशीत होऊन तिचे तुकडे पडायला लागतात.

एका वेळी साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा. जागेवर फवारा, क्लेच्या तोंडावरही फवारा. मग पुढे-मागे सरळ रेषेत, गोल गोल नाही. मोरपंखीताईंचे ओरखडे सरळ होते म्हणून निदान कुठून आले ते कळलं आणि काढणाऱ्याला सोपं गेलं. गोल फिरवलं असतं तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं असतं.

जोर किती? वडी हातातून निसटणार नाही एवढाच. दाबायचं नाही. सुरुवातीला ती अडखळेल, बारीक सरसर आवाज येईल, हाताला ओढ लागेल. दहा-बारा फेऱ्यांत आवाज बसतो आणि वडी एकदम सैल सरकायला लागते. तो क्षण बोटांना स्पष्ट कळतो. तिथेच थांबायचं. त्यानंतरची प्रत्येक फेरी रंगावर फुकट चालवलेली फेरी आहे. अडखळणं थांबतच नसेल तर जोर वाढवू नका, वंगण वाढवा. तरीही नाही तर तिथे क्लेचं काम नाही, रसायनाचं आहे.

मध्ये मध्ये वडी उलटी करून पाहा. मळली असेल तर घडी घालून, मळून स्वच्छ बाजू वर आणा. मळूनही स्वच्छ भाग सापडत नसेल तर तुकडा बदला. टप, बॉनेट, डिकीपासून सुरुवात करा, दाराचा खालचा पट्टा आणि बंपरची खालची कड सगळ्यात शेवटी, कारण रेव तिथेच जास्त. चाकांना वापरलेला तुकडा पुन्हा रंगावर कधीच आणू नका.

झाल्यावर पुन्हा धुवा आणि संरक्षण द्या. क्ले जुनं वॅक्स बरंचसं घेऊन जाते, रंग उघडा पडतो. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावायचंच, हे आधी ठरवून मग वडी हातात घ्या.

ओलंफडकं
वाचनखूण साठवली. आमच्या इमारतीला फवारा मारून रंग दिला, त्याचे बारीक शिंतोडे गाडीवर बसलेत. सोबत दोन-तीन ठिकाणी सिमेंटचे थेंबही. क्लेने दोन्ही जाईल?

जुनागॅरेज
शिंतोडे जातील. हवेतून आलेल्या रंगाच्या शिंतोड्यांवर क्लेसारखा उपाय नाही, फक्त धीर धरा, बारीकच क्ले घ्या आणि तुकडे लवकर बदला. सिमेंटचे थेंब मात्र क्लेने घासू नका. त्यात वाळू असते, थेंब फुटला की तीच वाळू वडीत बसून रंगावर फिरते. त्यासाठी सिमेंट विरघळवणारं गाडीच्या रंगाचं खास आम्लधर्मी द्रव मिळतं, ते लावून मऊ करून काढायचं, किंवा जाणकाराकडे द्यायचं.

जुन्या गाड्यांबद्दल एक सांगतो, कारण नवे लोक घाबरतात. माझी लाल गाडी क्लिअर कोट नसलेल्या रंगाची आहे, एकाच थराची. पहिल्यांदा क्ले फिरवली तेव्हा वडी लाल झाली, माझा जीव खाली-वर. पण तसं होणारच. वरचा उन्हाने मेलेला रंग वडीवर येतो. कपड्याने पॉलिश घासलंत तरी कपडा लाल होतो. क्लिअर कोटच्या गाडीवर मात्र वडीला गाडीचा रंग लागला तर लगेच थांबा, तिथे क्लिअर कोट संपलेला असू शकतो. आणि क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटतोय तिथे वडी नेऊच नका, ती कड धरून पापुद्रा ओढते.

धुकं
माझ्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग आहे, दीड वर्ष झालं. आधी पाण्याचे टपोरे थेंब धावायचे, आता पाणी पसरून बसतं. हातालाही खरखर. क्ले करू का?

रंगपारखी
@धुकं, थांबा. कोटिंग मेलं असं लगेच समजू नका, बऱ्याचदा ते नुसतं बुजलेलं असतं. आयर्न रिमूव्हर, मग चांगला शॅम्पू, पाण्यातल्या क्षारांचे डाग असतील तर त्यासाठीचा सौम्य आम्लधर्मी वॉटर स्पॉट रिमूव्हर. इतकं केल्यावर बरेचदा थेंब परत धावायला लागतात. क्ले कोटिंगवर बारीक ओरखडे पाडते, त्याला झिजवते. ती शेवटची पायरी, आणि ती घ्यायची तर पुन्हा कोटिंग करायची तयारी ठेवून.

मॅट रंगाची गाडी असेल तर क्ले कधीही नाही. जिथे घासाल तिथे चमकदार चट्टा उठेल आणि तो पुन्हा मॅट होत नाही. पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा रंगीत रॅप असेल तर लावणाऱ्याला विचारा, कडांपासून तर दूरच राहा.

क्षारांवरून आठवलं. पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेला डाग, पाण्याच्या थेंबाने पाडलेला खळगा, जुने ओरखडे, यातलं काहीही क्लेने जात नाही. क्ले वर आलेलं काढते. खाली गेलेलं भरत नाही. या गैरसमजापायी लोक एकाच जागी अर्धा तास वडी चोळत बसतात, मला फार वाईट वाटतं ते पाहून.

शंकेखोर
वर्षातून किती वेळा करावी?

मोरपंखी
वर्षाचं गणित नकोच. पिशवी खरखरली तर. माझी छताखाली असते, तिला वर्षातून एकदा पुरतं, तेही टप आणि बॉनेटलाच. रंग नुकताच नव्याने मारला असेल तर आधी रंगवणाऱ्याला विचारा किती दिवस थांबायचं. ताजा रंग पूर्ण कडक व्हायला वेळ लागतो.

काठावरचा
मंडळी, करून आलो. दोन दिवस घेतले.

पहिल्या दिवशी धुणं आणि आयर्न रिमूव्हर. रंगपारखीदादांनी आधीच सांगितलं होतं तरी दोन मिनिटांत डिकीवरून जांभळ्या धारा उतरताना पाहून थक्क झालो. टपावरसुद्धा निघालं, जिथे मला डोळ्यांना एकही ठिपका दिसत नव्हता. धुऊन पाहिलं तर तांबूस ठिपक्यांपैकी बहुतेक गेलेले. पिशवी घालून फिरवली, दोन्ही बाजूंच्या दारांचा वरचा भाग जवळजवळ साफ. म्हणजे जे मी वडीने घासणार होतो त्यातलं निम्म्याहून जास्त घासावं लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बारीक क्ले, १०० ग्रॅमचे तीन तुकडे. बॉनेटवर पहिल्या फेरीला जो सरसर आवाज आला त्याने हात थबकला. मग तुम्ही लिहिलंय तसंच झालं, आवाज कमी कमी होत गेला आणि वडी एकदम सुटली. उलटून पाहिली तर पांढऱ्या दिसणाऱ्या गाडीवरून पिवळट तपकिरी पट्टा निघालेला. दोन फूट झालेल्या जागेवर आणि शेजारच्या न झालेल्या जागेवर तळवा फिरवला. हा फरक मी घरातल्या सगळ्यांना बोलावून हात लावून दाखवला.

एक चूक झाली. डिकीच्या कडेला उत्साहात वंगण मारायचं राहिलं आणि वडी रखडली. टॉर्चच्या उजेडात तिथे धूसर पट्टा दिसला. तो भाग फाइन पॉलिशने, फोमच्या पॅडने हातानेच केला. पांढऱ्या रंगावर आता शोधूनही सापडत नाही. मोरपंखीताई, काळी असती तर काय झालं असतं ते कळलं.

उरलेला तुकडा पुढच्या काचेवर फिरवला, कुणी सांगितलं नव्हतं, सहज. पावसात वायपर थरथरत चालायचा, टकटक आवाज करायचा. रबर बदलून झालं होतं, तरी तेच. काल पाऊस आला आणि वायपर एका लयीत, बिनआवाज. शेवटी वॅक्स.

आता प्रश्न. डिकीच्या झाकणावर दोन ठिपके अजून आहेत. आयर्न रिमूव्हर दोनदा, क्ले, काही उपयोग नाही. हाताला लागत नाहीत, पण दिसतात. मध्यम क्ले आणू का? आणि उरलेला न वापरलेला तुकडा कसा ठेवू?

जुनागॅरेज
काचेचं छान केलंत. ते मी लिहायला हवं होतं. काच कडक असते, तिथे वडी निर्धास्त चालते, आणि वायपरची थरथर कित्येकदा काचेवर बसलेल्या थरामुळेच असते.

तुकडा: थोडं वंगण फवारून, तिच्या मूळ डबीत किंवा हवाबंद पिशवीत, थंड जागी. पाण्यात बुडवून ठेवू नका. वाळून भेगा पडल्या तर टाकून द्या. आणि डबीवर 'रंगासाठी' असं लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी चाकांचा तुकडा कुठला हे आठवत नाही.

रंगपारखी
मध्यम क्ले आणू नका. हाताला लागत नाहीत म्हणजे कणाचं डोकं गेलेलं आहे, वर उरलेलं काहीच नाही, मग क्ले पकडणार काय? जे दिसतंय तो एकतर आत खोल गेलेला बारीकसा अंश आहे किंवा गंजाने क्लिअर कोटवर सोडलेला डाग. महिन्याभरात धुताना तेवढ्या दोन ठिकाणी आयर्न रिमूव्हर पुन्हा लावून बघा. पुन्हा जांभळं झालं तर आत अजून लोखंड आहे, हळूहळू निघेल. जांभळं झालंच नाही तर तो नुसता डाग आहे, आणि दोन टाचण्यांएवढ्या डागासाठी क्लिअर कोट उतरवण्यात अर्थ नाही. आयर्न रिमूव्हरने तिथलं वॅक्स थोडं कमी होईल, तेवढ्या जागेला बोटभर लावून टाका.

आणि जमलं तर रुळांपासून गाडी थोडी लांब उभी करा, किंवा कव्हर घाला. फक्त कव्हर घालताना गाडी धुतलेली असू द्या, धुळीवर ओढलेलं कव्हर स्वतःच घासतं.

काठावरचा
ठीक आहे, मध्यम क्ले रद्द. जागा बदलता येण्यासारखी नाही, पण गाडीचं तोंड उलटं करून डिकी भिंतीच्या बाजूला आणता येईल, ते उद्यापासून करतो. पुढच्या महिन्यात त्या दोन ठिपक्यांवर आयर्न रिमूव्हर लावून जांभळं होतं की नाही ते इथेच लिहीन.